होडी तरंगते, चाक बुडतं

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)



कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठी राहणाऱ्यांना २००५, २०१९ आणि २०२१ या तीन सालांबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही. पाणी गल्लीत शिरलं की सगळ्यांच्या तोंडी एकच चौकशी असते. बोट कधी येणार? किती बोटी आहेत? इंजिन चालू आहे का? जॅकेटं पुरेशी आहेत का? या बोटी कुठे ट्रकवर घालून आणतात, कुठे टेंपोतून. फायबरची जड बोट असेल, तर कुठे कुठे ती दोन चाकांच्या ट्रेलरवर बसवून जीपच्या मागे ओढत आणतात. आज मी बोलणार आहे ते बोटीबद्दल नाही आणि तिच्या इंजिनाबद्दलही नाही. त्या ट्रेलरच्या चाकात, मुठीएवढ्या जागेत, जी बेअरिंगं बसलेली असतात त्यांच्याबद्दल बोलणार आहे.

विषय फार बारका आहे, असं तुम्ही म्हणाल. आहेच. पण पुराच्या रात्री गावापासून पंधरा किलोमीटरवर ट्रेलरचं चाक जाम झालं, की उत्तम इंजिन, नवीकोरी जॅकेटं आणि पट्टीचे पोहणारे हे सगळं रस्त्याच्या कडेला खोळंबतं. दोन चाकांपैकी एक गेलं म्हणजे गाडीच गेली. इंजिन निदान महिन्या-दोन महिन्यांनी सुरू करून बघता येतं, बोटीला चीर गेली तर दिसते. बेअरिंग झाकलेलं असतं. उभ्या ट्रेलरकडे नुसतं बघून ते चांगलं की वाईट हे भल्याभल्या मिस्त्रीलाही सांगता येत नाही. त्यामुळे तपासणीच्या यादीत त्याचा नंबर लागत नाही.

बैलगाडी ज्यांनी हाकली आहे त्यांना यातलं मूळ तत्त्व समजावून सांगायला नको. आस जागच्या जागी राहतो, चाक फिरतं आणि दोघं एकमेकांवर घासतात. उपाय एकच, वंगण. गाडीला लटकवलेलं वंगणाचं नळकांडं आणि त्यातली तेलाने काळीकुट्ट झालेली चिंधी माझ्या पिढीने पाहिली आहे. वंगण नसेल तर चाक करकरतं आणि ते अर्ध्या गावाला ऐकू जातं. एका अर्थी ती सोय होती.

घासण्याऐवजी गडगडणं हा पुढचा शोध. अमेरिकेत सेंट लुई शहरात हेन्री टिमकेन नावाचे घोडागाड्या बनवणारे कारखानदार होते. गाडी वळते तेव्हा चाकावरचा भार नुसता वरून खाली पडत नाही, आडवाही रेटा बसतो. सरळ दंडगोल रोलर हा आडवा रेटा नीट सोसत नाहीत. टिमकेन यांनी रोलर एका टोकाला किंचित निमुळते केले आणि ते तशाच निमुळत्या कड्यांमध्ये बसवले. मग वरचा भार आणि आडवा रेटा दोन्ही एकच बेअरिंग पेलू लागलं. या रचनेचं पेटंट १८९८ सालचं आहे. सव्वाशे वर्षं उलटून गेली, तरी बोटीच्या साध्या ट्रेलरच्या चाकात बहुधा हीच रचना असते. आपल्याकडे चिंचवडला १९६० च्या दशकात बेअरिंगचा कारखाना निघाला, तेव्हापासून हा शब्द पुणे परिसरातल्या कामगाराच्या घरात डाळ-तांदळाइतकाच ओळखीचा आहे.

आता हे चाक आतून कसं असतं ते बघू. चाक ज्या बिडाच्या तुकड्यावर बोल्टने आवळलेलं असतं तो हब. हबमध्ये दोन बेअरिंगं, गाडीच्या बाजूला मोठं आणि रस्त्याच्या बाजूला लहान. मोठ्याच्या पाठीमागे रबरी ओठ असलेलं ऑइल सील. लहानाच्या पुढे खाचांचा नट, त्यात अडकवलेली कॉटर पिन आणि वरून पत्र्याची टोपी. दोन बेअरिंगांच्या मधल्या पोकळीत थोडं ग्रीस आणि बरीचशी हवा. या हवेकडे लक्ष ठेवा, तिची गोष्ट पुढे येणार आहे.

ट्रेलरची चाकं मोटारीच्या चाकांहून लहान असतात, म्हणून तेवढ्याच अंतरात ती जास्त फिरतात. ४२ सेंटिमीटर व्यासाचं चाक एका फेऱ्यात जेमतेम एक मीटर ३२ सेंटिमीटर पुढे जातं. ४० किलोमीटर जायचं तर त्याला तीस हजारांवर फेरे घ्यावे लागतात. ते होतील, त्यात विशेष काही नाही. चांगलं ग्रीस असेल तर बेअरिंग कोट्यवधी फेरे सहज काढतं. उसाची ट्रॉली बोटीच्या ट्रेलरच्या कितीतरी पट ओझं वाहते आणि हंगामभर चालते. पण ट्रॉलीला कुणी रोज मुद्दाम पाण्यात बुडवत नाही. बोटीच्या ट्रेलरचा जन्मच त्यासाठी आहे. उतारावरून तो मागे मागे पाण्यात सारायचा, बोट तरंगू लागेपर्यंत. बोट तरंगते तेव्हा चाकं बुडालेली असतात.

गरम भाजी स्टीलच्या डब्यात भरून झाकण घट्ट लावलं आणि डबा गार झाला, की ते झाकण निघता निघत नाही. आतली हवा आणि वाफ आकसते आणि झाकण आत ओढलं जातं. हबमध्ये तेच घडतं. चाळीस-पन्नास किलोमीटर धावून आलेला हब गरम असतो. समजा ७० अंश सेल्सिअस. नदीचं पाणी २८ अंश. हब पाण्यात बुडाला की आतली हवा झपाट्याने थंड होते आणि तिचा दाब सुमारे १२ टक्क्यांनी उतरतो. सव्वा मीटर उंचीच्या पाण्याचा भार जेवढा, तेवढी ही ओढ झाली. हब पूर्ण बंद आहे असं धरून केलेला हा हिशेब आहे. प्रत्यक्षात एवढी ओढ तयार व्हायच्या आतच सीलच्या ओठाखालून पाणी आत शिरतं. ते सील मुख्यतः आतलं ग्रीस बाहेर जाऊ नये म्हणून बसवलेलं असतं. बाहेरचं पाणी थोपवणं हे त्याचं दुय्यम काम, आणि जुनं झालेलं सील तेही करत नाही.

अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, न्यूझीलंडमध्ये अंगणात बोट ठेवून सुट्टीला ती तलावावर ओढत नेणारी कुटुंबं पुष्कळ आहेत. तिथली जाणती मंडळी सांगतात, की काठावर पोचल्यावर घाई करू नका. सामान उतरवा, दोऱ्या सोडा, चहा घ्या, हबला हात लावून बघा आणि तो गार झाला की मग ट्रेलर पाण्यात न्या. ट्रेलरच्या दिव्यांची वायरही आधी काढून घ्या, म्हणजे गरम बल्ब पाण्यात तडकणार नाहीत. सहलीला निघालेल्या माणसासाठी सल्ला अगदी योग्य आहे. आपल्याकडचे नौकानयनाचे क्लब आणि जलाशयांवर बोटी चालवणारे लोक यांनीही तो पाळावा.

पण पुराचं काय? छपरावर माणसं बसलेली असताना ‘जरा हब गार होऊ द्या’ असं कुणी म्हणणार नाही आणि म्हणूही नये. तिथे गरम चाक थंड, गढूळ पाण्यात जाणारच. पाणी आत शिरणार हे धरूनच चालायला हवं. बचावाच्या बोटीच्या ट्रेलरचा विचार म्हणूनच सहलीच्या ट्रेलरपेक्षा वेगळा करावा लागतो. त्या रात्री करण्यासारखं फारसं काही नसतं. जे करायचं ते मे महिन्यात, आणि पूर ओसरल्यावर आठवड्याभरात.

यातलं दुसरं, म्हणजे पुरानंतरचं काम, हमखास राहून जातं. पाणी शिरलेलं बेअरिंग त्याच दिवशी मोडत नाही. ट्रेलर परत येतो, सगळे दमलेले असतात, तो शेडमध्ये उभा केला जातो. मग दहा महिने कुणी त्याच्याकडे बघत नाही. या दहा महिन्यांत रोलर आणि कडं जिथे एकमेकांना टेकलेले असतात, त्या बारीक रेषेवर पाणी बसून राहतं आणि गंज धरतं. चाक फिरत नाही, म्हणून जागा तीच. पुढच्या पावसाळ्यात चाक फिरू लागलं की त्या गंजाच्या खळग्यांवरून प्रत्येक रोलर आपटत जातो. पोलादाचे बारीक कण सुटतात, ते ग्रीसमध्ये मिसळतात आणि सहाणेवर घासावं तसं काम सुरू होतं. खरं नुकसान शेडमध्ये झालेलं असतं, पण नाव मात्र रस्त्याचं होतं.

मी अनेक वर्षं वर्कशॉपमध्ये मुलांना हे काम शिकवलं. एकदा बचाव पथकाचा एक ट्रेलर तपासायला आला होता. ‘ग्रीस पाहिलंय, चांगलं आहे’, असं आणणाऱ्याने सांगितलं. टोपी काढली. खरंच, पुढच्या बेअरिंगवर पिवळं, स्वच्छ ग्रीस होतं. मुलांना म्हटलं, आता हब पूर्ण काढा. मागचं सील उचकटलं तर आतून ताकासारखा पांढुरका, पाणचट राडा बाहेर आला. मागच्या कड्यावर, रोलर जितक्या अंतरावर तितक्याच अंतरावर, तपकिरी पट्टे ओळीने उमटले होते. मुलांनी ते बोटाने मोजलेसुद्धा. टोपी काढणं सोपं असतं, म्हणून सगळे तेवढीच काढून बघतात. पाणी मात्र बहुतेक वेळा मागून शिरतं आणि मागचं बेअरिंग आधी जातं. टोपी काढून केलेल्या तपासणीवर माझा तेव्हापासून काडीचा विश्वास नाही.

तेव्हा मे महिन्यात करायचं ते असं. दुसऱ्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावा, ट्रेलर जॅकवर घ्या आणि चाक हाताने जोरात फिरवा. चांगलं बेअरिंग जवळजवळ मुकं असतं. घरघर ऐकू आली किंवा हाताला वाळू असल्यासारखं जाणवलं तर समजून जा. मग चाक वर-खाली धरून हलवून बघा, फार डगडगतं का ते पाहा. पण हे दोन्ही चांगलं निघालं तरी हब उघडाच. बेअरिंगं रॉकेलमध्ये धुऊन काढा, स्वच्छ कापडावर पूर्ण वाळू द्या. कॉम्प्रेसरच्या हवेने बेअरिंग भिंगरीसारखं फिरवण्याचा मोह तरुण मुलांना होतो. तो टाळा. कोरडं बेअरिंग तसं फिरवलं तर खराब होतं, आणि एखादा रोलर सुटून डोळ्यावर येऊ शकतो. मग प्रत्येक रोलरवरून आणि कड्यावरून नख फिरवा. डोळ्याला न दिसणारा खळगा नखाला लागतो. खळगा लागला, निळसर काळे डाग दिसले, की ते बेअरिंग बाद. आणि बाद म्हणजे हबमध्ये ठोकून बसवलेल्या बाहेरच्या कड्यासकट बाद. कडं जुनं आणि रोलर नवे हा काटकसरीचा धंदा फार दिवस टिकत नाही.

नवीन बेअरिंग आणताना जुन्यावर कोरलेला नंबर लिहून न्या. समजा ३०२०५ असा नंबर आहे. त्यातल्या शेवटच्या दोन आकड्यांना, म्हणजे ०५ ला, पाचने गुणलं की २५ मिलिमीटर हा आतल्या भोकाचा व्यास निघतो. ३०२०६ असेल तर ३० मिलिमीटर. अमेरिकी मापाच्या बेअरिंगांचे नंबर वेगळ्या पद्धतीचे असतात, त्यांना हा हिशेब लागू नाही. बाजारात नामांकित कंपन्यांच्या खोक्यांत भलताच माल मिळतो, तेव्हा पावती देणाऱ्या दुकानातूनच घ्या. ऑइल सील मात्र प्रत्येक वेळी नवीन. काढताना ते बहुतेक वाकडं होतंच. ते चार माणसांच्या चहा-वड्याच्या पैशात येतं, पण जुनं ठोकून परत बसवणारे मी रोज पाहिले आहेत. सीलचा ओठ आसाच्या ज्या भागावर टेकतो तिथे गंजाची चर पडली असेल, तर नवीन सीलही टिकणार नाही. तो भाग बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, चर खोल असेल तर लेथवाल्याला दाखवा.

ग्रीस भरणं हे हाताचं काम आहे. तळहातावर लाडवाएवढं ग्रीस घ्यायचं आणि बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत दाबत खरवडायची. दुसऱ्या बाजूने रोलरांच्या फटींतून ग्रीसच्या शेवया बाहेर येईपर्यंत. मग जरा फिरवून पुन्हा तसंच, पूर्ण वर्तुळ होईपर्यंत. वरवर फासलेलं ग्रीस आतपर्यंत पोचत नाही. कोरड्या रस्त्यावरच्या गाडीत हबची मधली पोकळी गच्च भरू नये असं आम्ही शिकवतो, कारण जादा ग्रीस घुसळलं जाऊन तापतं. बोटीच्या ट्रेलरला हा नियम मी थोडा सैल करतो. पोकळीत ग्रीस जास्त म्हणजे हवा कमी, आणि हवा कमी म्हणजे पाणी ओढणारी ताकद कमी.

कोणतं ग्रीस? रंगावर जाऊ नका. निळं, लाल, हिरवं हे रंग कंपन्या घालतात, त्यावरून गुण कळत नाही. डब्यावर व्हील बेअरिंगसाठी आणि पाण्याला टिकणारं असं दोन्ही लिहिलेलं हवं. जुन्या पद्धतीचं साधं कॅल्शियम ग्रीस पाण्याला दाद देत नाही, पण साठ अंशांच्या आसपास हार मानतं, म्हणून वेगाने फिरणाऱ्या चाकाला चालत नाही. लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस उष्णता चांगली सोसतं. कॅल्शियम सल्फोनेट कॉम्प्लेक्स नावाचा प्रकार पाणी, गंज आणि उष्णता तिन्हींना उत्तम, पण महाग आणि तालुक्याच्या गावी सहज न मिळणारा. मिळेल ते घ्या, पण एकात दुसरं मिसळू नका. काही ग्रीसं एकमेकांत मिसळली की पातळ होऊन वाहून जातात. जुनं पूर्ण धुऊन मगच नवीन.

नट आवळणं हा नाजूक भाग आहे. चाक फिरवत फिरवत नट पान्याने बेताचा आवळायचा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग तो सैल करायचा आणि फक्त बोटांनी लागेल तेवढा लावायचा. वहीच्या पानाच्या जाडीइतका खेळ राहिला तरी चालतो. ताकदवान माणसाने पूर्ण आवळलेला नट हा निष्काळजी माणसाने सैल ठेवलेल्या नटाइतकाच वाईट, बेअरिंग तापून चिकटतं. शेवटी नवीन कॉटर पिन. तिच्या जागी खिळा किंवा बांधायची तार घातलेली मी पाहिली आहे. दोन रुपयांच्या पिनेवर अख्खं चाक अडकलेलं असतं.

परदेशात या टोपीच्या जागी बसवायची स्प्रिंगवाली टोपी मिळते. तिच्यात ग्रीस भरलं की स्प्रिंग ते सतत हळूहळू आत दाबत राहते, त्यामुळे हबमधला दाब बाहेरच्या पाण्यापेक्षा किंचित जास्त राहतो आणि पाणी ओढलं जात नाही. काही ट्रेलरच्या आसालाच आरपार भोक असतं. पुढच्या निपलला ग्रीसगन लावली की ग्रीस आधी मागच्या बेअरिंगपाशी निघतं आणि जुनं ग्रीस पुढे ढकलत बाहेर येतं. दोन्ही युक्त्या चांगल्या आहेत. आपल्याकडे मी पाहिलेले ट्रेलर बहुतेक गावातल्याच वर्कशॉपमध्ये बांधलेले होते, त्यांना अशी काही सोय नव्हती. कुणी मागवून बसवली तर एकच सांभाळा. ग्रीसगनचे दणादण दणके दिले की मागचं सील आपल्या जागेवरून सुटतं. ते पुढून दिसत नाही. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे ओघळ आले की समजायचं. आणि अशी टोपी लावली म्हणून हब वर्षानुवर्षं उघडायचाच नाही, असाही तिचा अर्थ नाही.

कोकणात, खाडीत आणि समुद्रात बोट उतरवणाऱ्यांना या सगळ्यात खाऱ्या पाण्याची भर. तिथे दर वेळी परत आल्यावर गोड्या पाण्याने चाकं, स्प्रिंगा, आस धुवायला हवेत. साध्या नळीने धुवा. सर्व्हिस सेंटरमधल्या जोरदार फवाऱ्याचं तोंड सीलवर धरलं तर तो फवारा मीठ आणि पाणी दोन्ही आत घालतो.

शेडमध्ये उभ्या ट्रेलरची चाकं महिन्यातून एकदा अर्धा-पाऊण फेरा फिरवून ठेवावीत, म्हणजे रोलर एकाच जागी टेकून राहत नाहीत. आणि प्रवासात दर तासाला, नाहीतर पहिल्या वीस किलोमीटरवरच, उतरून दोन्ही हबना हाताचा पालथा पंजा जवळ नेऊन बघावा. दोन्ही कोमट असतील तर काही चिंता नाही. एक कोमट आणि एक भाजणारा असेल तर भाजणाऱ्याकडे संशयाने बघा. मोटारसायकलवाल्यांनी, ट्रॉलीवाल्यांनीही ही सवय लावून घ्यायला हरकत नाही.

पुराच्या कामाला जाणाऱ्या ट्रेलरबरोबर मी एक तयार हब ठेवायला सांगतो. दोन्ही बेअरिंगं ग्रीस भरून बसवलेली, मागे सील ठोकलेलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला. त्याबरोबर नट, वॉशर, दोन कॉटर पिना, हातोडी, पक्कड आणि विजेरी. रस्त्यात बेअरिंग गेलं तर पावसात, चिखलात रोलर धूत बसायला नको. जुना हब ओढून काढायचा आणि नवीन सरकवायचा, सराव असलेली दोन माणसं अर्ध्या तासात निघू शकतात. मात्र जीपचा जॅक ट्रेलरच्या आसाखाली शिरेलच असं नाही आणि जीपचा पाना ट्रेलरच्या नटांना लागेलच असंही नाही. दोन्ही मे महिन्यातच, उजेडात, कोरड्या जमिनीवर लावून बघा.